दवात खुडलेला झाब्लेक

"तिथंच थांब! एक पाऊलसुद्धा पुढं टाकू नकोस!"

मी माळ्यावरून ओरडले, आणि ज्याच्यावर ओरडले त्याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचा डोंगर पुसून टाकल्यासारखा दिसेनासा झाला होता. हा बिचारा आडोसा शोधत आमच्या वाळवणघरात शिरलेला. केसांतून धारा, बुटांतून चुबुक चुबुक आवाज... आणि त्याच्यापासून दोन हातांवर, जाळ्यांवर पसरलेली आमची पंधरा दिवसांची मेहनत! ब्लूबेरीची पानं, लिंडेनची फुलं.

"बाहेर विजा चमकताहेत," तो म्हणाला.

"चमकू देत. तुझ्या केसांतलं पाणी माझ्या पानांवर पडलं ना, तर आतही चमकतील. ओल लागली की संपलं सगळं. काळी पडतात पानं."

तो हसला. हसला म्हणजे काय, दारात अर्धा पावसात आणि अर्धा कोरड्यात उभा राहून असा हसला, की मला उगीचच टॉवेल शोधायची घाई झाली. मी वरूनच टॉवेल फेकला. त्यानं बाही वर सारून हात पुसला, तेव्हा दंडावर चिकटवलेलं, रक्तातली साखर मोजणारं एक पांढरं, गोल बटण दिसलं.

"शुगर आहे तुला?" मी शिडी उतरता उतरता विचारलं.

"टाइप वन. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून."

"मग काळजी सोड! तीन आठवडे माझ्या हातचा ब्लूबेरीच्या पानांचा काढा घे, आणि हे बटण काढून नदीत फेकून दे."

त्यानं टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. "अकरावी," तो शांतपणे म्हणाला.

"अं? मी दहावीत आहे."

"तसं नाही. आज सकाळपासून मला काढा सांगणारी तू अकरावी. बसमधल्या आजीपासून मोजतोय मी."

आमच्या लिपेवो गावात वनस्पतींबद्दल माझ्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही. बाबा रानातून वनस्पती आणतात, मी निवडते, वाळवते, आणि प्लोव्दिव्ह शहरातला व्यापारी आमच्या जुड्यांना नावं ठेवू शकत नाही. म्हणून मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "हसतोस काय? माझे बाबाही घेतात काढा."

"गोळ्या घेत नाहीत?"

"...घेतात. दोन वेळा."

"तुझ्या बाबांच्या अंगात इन्सुलिन तयार होत असणार, नीट काम करत नसणार. माझा तर कारखानाच बंद आहे. काढा कितीही चांगला असला तरी बंद कारखान्याची भट्टी कशी पेटवणार तो?" मग जरा थांबून, ओल्या भुवया उंचावून तो म्हणाला, "पण तू केलास तर पिऊन बघेन... चवीसाठी."

मी वाद हरले. दारना गेओर्गीएवा आयुष्यात पहिल्यांदा वनस्पतींवरचा वाद हरली, आणि गंमत म्हणजे तिला मुळीच राग आला नाही!

त्याचं नाव यावोर. तो मावशीबरोबर आला होता, आणि मावशी म्हणजे डॉक्टर वेसेलीना. त्याच येणार म्हणून तर आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी त्यांना रान दाखवायला मला आठवडाभर शाळेतून सोडवलं होतं. पाऊस ओसरल्यावर बाबांबरोबर डॉक्टरबाई स्वतः आल्या. बारीक चण, पिकलेले आखूड केस, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द तोलून घेतलेला.

"डोंगरातल्या वनस्पतींचे अर्क काढतो आम्ही," त्यांनी जाळ्यांवरून बोट फिरवत सांगितलं. "मग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते घालून बघतो. साखर ओढून घेतात का, किती घेतात, पेशी मरत तर नाहीत ना... शंभर अर्कांतून एखादा पुढं जातो. त्याचं औषध होईल की नाही, ते तर आणखी पुढचं."

"आणि या वेळी कुठली वनस्पती?"

"झाब्लेक."

बाबा मोठ्यानं हसले. झाब्लेक म्हणजे नदीकाठी कमरेइतकं वाढणारं, फिकट जांभळ्या फुलांचं तण. मेंढ्यांनी पोटभर खाल्लं तर मेंढ्या मरतात, म्हणून आमच्या मिंचोकाकाला ते दिसलं की त्याचं डोकंच फिरतं.

"हसू नका, गेओर्गी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यावोर सांगत होता, तुम्ही दोन वेळा गोळी घेता. तिचा शोध लागला कसा हे विचारत मागं मागं गेलात, तर याच तणापाशी येऊन पोचाल. मात्र तण खायला जाऊ नका. विष आणि औषध यांच्यातलं अंतर मोजायलाच आमची प्रयोगशाळा आहे."

बाबांनी हसू आवरलं. आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्खकन पेटलं. म्हणजे मी आठ वर्षांची असल्यापासून जे नुसतं खुडत आलेय, त्याच्या आत काय आहे ते बघता येतं? बशीत? डोळ्यांनी?

माझा चेहरा त्यांनी वाचला असणार. "ऑगस्टभर प्लोव्दिव्हला आमच्या प्रयोगशाळेत शाळकरी मुलांचा वर्ग असतो. दोनच जागा. एक यावोरनं परीक्षा देऊन मिळवलीय. दुसरी मी वनस्पती गोळा करणाऱ्या घरातल्या मुलासाठी ठेवलीय. माझी परीक्षा एकच. एक पिशवी झाब्लेक. फुलावर आलेला, नीट वाळवलेला, कुठून आणि केव्हा खुडला ते लिहिलेला. तुझा नमुना चांगला असेल तर ये. नसेल, तर पलीकडच्या गावात एक मुलगी तयारच आहे."

"माझाच चांगला असेल," मी म्हटलं. यावोर खोकल्याचं नाटक करत हसला.

पुढचे चार दिवस आम्ही रानात होतो. डॉक्टरबाई पुढं, आम्ही मागं. जंगली स्ट्रॉबेरी दिसली की मी थांबायची, आणि तो फोनवर आकडा बघून, "चार चालतील" म्हणायचा. मी पाच द्यायची, आणि बंद कारखान्यावर तो रोज कसं भागवतो ते विचारत राहायची.

"एक सांगून ठेवतो," एकदा ओढ्यात पाय सोडून बसलो असताना तो म्हणाला. "कधी मी मूर्खासारखं, अडखळत बोलायला लागलो, तर माझी शुगर खाली गेलीय असं समज. लगेच काहीतरी गोड दे."

"तू तर नेहमीच मूर्खासारखं बोलतोस."

"मग नेहमी गोड देत जा."

मी त्याच्यावर पाणी उडवलं. कान मात्र माझेच तापले होते...

आणि मग एन्योव्हदेन आला, चोवीस जूनचा आमचा वनस्पतींचा सण. त्या पहाटे सूर्य उगवायच्या आत खुडलेल्या वनस्पतीत सगळ्यात जास्त ताकद असते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आजार सत्त्याहत्तर, आणि एक अर्धा, बिननावाचा. म्हणून बाया साडेसत्त्याहत्तर वनस्पती दवासकट आणतात, मोठी माळ करतात, तिच्याखालून सगळं गाव वाकून जातं, आणि मग ती दारावर उघडी टांगतात. विकायचा माल वेगळा. तो आम्ही दव उडाल्यावर, ऊन चढल्यावरच खुडतो. हे दोन नियम आमच्या घरात कधीही एकत्र येत नाहीत.

मी ते एकत्र आणले.

का? कारण मला नुसता चांगला नमुना नको होता. मला सगळ्यात ताकदवान हवा होता. मला वाटलं, या झाब्लेकचा अर्क त्या बशीत पडेल आणि डॉक्टरबाई खुर्चीतून उठून उभ्या राहतील! मी पहाटे पाचला गिरणीजवळचा सगळा झाब्लेक दवासकट खुडला, एकूण एक तुरा. पिशवीत दाबून भरला. जाळीवर पसरायला घरी निघाले, तर फाटकात यावोर उभा. स्वच्छ पांढरा शर्ट, कानामागं कुणीतरी खोचलेलं फूल.

"नाच सुरू होतोय. तुझ्या शेजारची जागा धरून ठेवू, की दुसरीला देऊ?"

"देऊन तर बघ!"

पिशवी मी वाळवणघराच्या कोपऱ्यात टेकवली. दोन मिनिटांसाठी.

हातात हात घालून नाचायच्या होरोची रांग अख्ख्या चौकाला वेढा घालून फिरत होती. माझा हात त्याच्या हातात. त्याची पावलं चुकायची, मी कोपरानं ढोसायची. माळेखालून वाकताना तो कुजबुजला, "त्या अर्ध्या आजाराची लक्षणं काय असतात गं?"

"का?"

"झोप लागत नाही. उगीच हसू येतं. पहाटे पाचला जाग येते आणि फाटकाशी जाऊन उभं राहावंसं वाटतं..."

सांगा, अशा वेळी पिशवी कुणाच्या लक्षात राहील?

मला ती आठवली दुसऱ्या दिवशी सकाळी. मी धावत वाळवणघरात गेले. पिशवीत हात घातला, तर आत गरम. भिजल्या मोज्यांचा वास. पानं काळी, चिकट, फुलांचा तर लगदाच झालेला. ओल लागली की संपलं सगळं, हे दारातल्या परक्या मुलाला ओरडून शिकवणारी मी! मी जमिनीवरच बसले.

यावोर मागून आला. बघितलं, वास घेतला, आणि माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "मावशीला सांगू, पिशवी माझ्या हातून पाण्यात पडली. मी भाचा आहे. मला काय घराबाहेर काढणार आहे?"

"आणि मी ऑगस्टमध्ये तुझ्या खोट्यावर स्वार होऊन येऊ?"

"मला एवढंच माहीत आहे की तू यावंस..."

"मी येणारच आहे," मी उठले, डोळे पुसले. "पण माझ्या पायांनी."

डॉक्टरबाई अंगणात कॉफी पीत बसल्या होत्या. मी ती पिशवी तशीच त्यांच्यापुढं ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. दव, दाबून भरणं, नाच... नाच सांगताना यावोरनं आभाळाकडं बघितलं. डॉक्टरबाईंनी काळी पानं बोटांत चुरडली.

"वहीत लिही."

"काय लिहू?"

"झालं ते. तारीख, वेळ, दव, पिशवी. बिघडलेला नमुना हासुद्धा नमुनाच असतो. पण या पिशवीवर जागा मिळत नाही, दारना. आमची बस रविवारी दुपारी आहे. तोवर वाळलेला झाब्लेक दाखवलास तर बघू."

आज गुरुवार. उन्हात तापलेल्या माळ्यावर पातळ पसरलं तर दोन दिवस पुरतात. पण गिरणीजवळचा तर मी सगळा संपवला होता! उरला होता एकच तुकडा, नदीपलीकडं, मिंचोकाकाच्या कुरणात. आणि मिंचोकाका एन्योव्हदेनची वाट बघून दुसऱ्याच दिवशी कापणीला लागतो.

"आज!" मी किंचाळले. "आज कापतोय तो!"

आम्ही पळालो. पूल ओलांडला, चढ चढलो. यंत्राची घरघर लांबूनच ऐकू येत होती. कुरणाच्या खालच्या टोकाला झाब्लेक फुलून डुलत होता, दव कधीच उडून गेलेलं, आणि काका यंत्र घेऊन सरळ त्याच्याच दिशेनं येत होता.

"मिंचोकाका! थांब!"

यंत्राच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? अजून शंभर पावलं. मी वेग वाढवला... आणि मागून यावोरच्या फोनचा बारीक टिटटिट आवाज आला. वळून बघते तर यावोर उभ्या उभ्या डुलत होता. चेहरा कागदासारखा, कपाळावर घाम.

"तू... जा ना... तो... ते जांभळं..." तो हसायला गेला, पण ओठ नीट हलेनात.

एका बाजूला माझा ऑगस्ट. दुसऱ्या बाजूला तो. खरं सांगते, मी विचार केलाच नाही. पाय आपोआप मागं वळले.

"बस. खाली बस आधी. तुझी गोड गोळ्यांची डबी कुठंय?"

"काल... नाचात संपली."

माझ्या ॲप्रनच्या खिशात साखरेचे चौकोनी तुकडे होते, काकाच्या दोर्चो घोड्यासाठी नेहमी ठेवते ते. त्यांना गवताचा कचरा लागलेला. मी फुंकर मारून एकेक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. एक, दोन, तीन, चार. त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. आता पंधरा मिनिटं थांबायचं, हे त्यानंच शिकवलं होतं. गावातल्या दहा जणांनी आणि मी त्याला काय काय पाजायला निघालो होतो, आणि त्याला लागली काय, तर घोड्याची साखर!

त्या पंधरा मिनिटांत काकानं झाब्लेकचा तुकडा खालपासून वरपर्यंत आडवा केला. मी बघत होते. हललेही नाही.

"दारना..." थोड्या वेळानं त्याचा आवाज नीट झाला. "गेलं ना सगळं? माझ्यामुळं."

"फोनवर आकडा किती?"

"तीन पॉइंट दोन होता. चारच्या वर हवा, आता चार पॉइंट सहा आहे. चढतोय."

"मग काही गेलेलं नाही."

तेवढ्यात काका यंत्र बंद करून आला. "काय रे पाखरांनो! माझ्या कुरणात बसून काय गुलुगुलु चाललंय? आणि दोर्चोची साखर कुणी खाल्ली?"

"काका, तू माझं प्लोव्दिव्ह कापून टाकलंस," मी म्हटलं.

"प्लोव्दिव्ह? मी तर ते मेंढ्या मारणारं भिकारडं तण कापलं. गवतात मिसळलंय आता, हे गवतही मेंढ्यांपुढं टाकता यायचं नाही. वेचत बसा म्हणावं कुणाला तरी!"

मी ताडकन उठले. वेचत बसायचं! अरे, कापलेलं आहे, जळलेलं नाही! आत्ता, या मिनिटाला कापलंय. कोरडं, कडक उन्हात, फुलासकट. मी स्वतः खुडलं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं?

"काका, यातला झाब्लेकचा एकूण एक दांडा मी काढून देते. तुझं गवत मेंढ्यांना, माझं विष मला!"

"आणि हा शहरी?" काकानं यावोरकडं हनुवटी केली.

"हा आधी चीज-पाव खाईल," मी म्हटलं. "मग वेचेल."

काकाच्या शिदोरीतला पाव खाऊन यावोर माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. मधे गवताचा ढीग. पान बघायचं, दांडा ओढायचा, झटकायचा, कापडावर ठेवायचा. सुरुवातीला तो वाटाण्याची वेलही झाब्लेक म्हणून द्यायचा, मी त्याच्या हातावर चापट मारायची. मग त्याची बोटं सरावली. मग आमची बोटं एकाच दांड्यावर यायला लागली... जरा जास्तच वेळा.

"मावशी खरं तर शुक्रवारी निघणार होती," तो दांड्याकडं बघत म्हणाला.

"मग?"

"मीच म्हटलं, रविवारी जाऊ. पहिल्याच दिवशी. टॉवेल वाळायच्या आत." त्यानं वर बघितलं. "मला शुगर आहे म्हटल्यावर माणसं दोनच गोष्टी करतात. कीव करतात, नाहीतर काढा पाजतात. तू पण तेच केलंस. पण मी नाही म्हटल्यावर तू विचारलंस की मग तुझा कारखाना चालतो तरी कसा... आणि रोज विचारत राहिलीस. मला तू आवडतेस, दारना. जागा मिळो न मिळो."

कुरणावर वारा आला, गवताचा गोड वास आला. मी फक्त त्याच्या तळव्यावर चिकटलेली जांभळी पाकळी काढली आणि त्याचा हात जरा वेळ तसाच धरून ठेवला.

रविवारी दुपारी बसच्या थांब्यावर अर्धं गाव जमलं होतं. डॉक्टरबाईंनी पिशवी उघडली. एक दांडा वाकवला, तो कट्कन मोडला. पानं हिरवी. फुलांचा रंगही टिकलेला. त्यांनी वास घेतला, आणि मग माझी चिठ्ठी वाचली. मिंचोकाकाचं कुरण, पंचवीस जून, सकाळी सव्वाअकरा. यंत्रानं कापलेला, गवतातून हातानं निवडलेला, निवडणारे दोघे.

"यंत्रानं कापला, हे लिहिलं नसतंस तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर लिहिलं. बशीतल्या पेशींनी उद्या काही वेगळं दाखवलं, तर तुम्हाला कारण शोधता यायला हवं ना?"

बाबा खाकरले. आईनं रुमाल काढला. डॉक्टरबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

"तीन ऑगस्ट. सकाळी आठ. केस घट्ट बांधून ये."

मी उडी मारली की ओरडले की दोन्ही, आठवत नाही. मिंचोकाका मात्र सगळ्यांना सांगत होता, "माझ्या कुरणातलं आहे बरं का ते! मी कधीपासून जपलंय!"

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. यावोर पायरीवर एक पाय ठेवून रेंगाळला.

"म्हणजे महिनाभर रोज भेट," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी येतेयस, कबूल कर."

"छे! मी झाब्लेकसाठी येतेय. सोमवार ते शनिवार मला बशी आणि पेशी."

त्याचा चेहरा जरासा पडला. "आणि रविवारी?"

बाबा बघत होते. आई, बाई, मिंचोकाका, अख्खं लिपेवो बघत होतं. बघू देत. मी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि चांगलं खणखणीत, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हटलं,

"रविवारी तू. तू पण मला आवडतोस, यावोर."